तीन वयांची तीन मुलं आणि एक प्ले झोन

जून ते सप्टेंबर बागेतली घसरगुंडी ओली असते, एप्रिल-मेमध्ये तीच तव्यासारखी तापते. मग पुण्यात काय किंवा ठाण्यात काय, मुलांना घेऊन मॉलमधला प्ले झोन गाठावा लागतो. एक मूल असेल तर त्यात फारसं अवघड काही नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी साडेचारची आणि बहिणीचा लेक दीड वर्षाचा. या तिघांना एकत्र पहिल्यांदा नेलं तेव्हा तासाभराच्या पैशांतली वीस मिनिटं मोजे विकत घेण्यात आणि ते चढवण्यात गेली. धाकट्याची झोपेची वेळ झाली होती, त्यामुळे तो दारातच पेंगायला लागला. थोरल्याला मुख्य खेळात शिरताना ‘उंची जास्त आहे’ म्हणून अडवलं. मधलीला सगळं चालत होतं, पण तिच्याबरोबर आत जायला कोणी मोकळंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. जायची वेळ धाकट्याच्या झोपेवरून ठरते आणि जागा थोरल्याच्या उंचीवरून. पुढचं सगळं या नियमातूनच आलं आहे.

आदल्या दिवशी: भिंतीवर उंची, मग फोन

मुलांना भिंतीला उभं करून सेंटीमीटरमध्ये उंची मोजा आणि मगच फोन लावा. प्ले झोनवाले वयापेक्षा उंची जास्त बघतात. सॉफ्ट प्लेमध्ये, म्हणजे गाद्या, जाळ्या, बोगदे आणि बॉल पूलवाल्या भागात, उंचीला वरची मर्यादा असते. ट्रॅम्पोलिन आणि दोरीवरच्या खेळांना खालची असते. प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा, त्यामुळे मैत्रिणीने सांगितलं म्हणून निघू नका. फोनवर एवढं विचारा: लहानग्यांचा भाग जाळीने वेगळा केलेला आहे का? मोठ्या माणसाला आत येऊ देतात का, त्याचं वेगळं तिकीट आहे का? दोन वर्षांखालच्या मुलाचे पैसे घेता का? मध्ये बाहेर येऊन पुन्हा आत जाता येतं का? वेळ संपल्यावर पुढचे पैसे कसे लावता? आणि त्या वेळेला आत कुणाचा वाढदिवस आहे का?

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. शनिवार-रविवारी संध्याकाळी वाढदिवसांची रांगच लागलेली असते. एकाच वयाची वीस-पंचवीस मुलं एकदम आत सुटली की दीड वर्षाच्या बाळाला तिथे जागा उरत नाही. शाळांना सुट्टी नसेल तेव्हा आठवड्यातली सकाळ सगळ्यात शांत. रविवारीच जायचं असेल तर दार उघडताच पोहोचा.

धाकट्याची झोप दुपारी एकला असेल तर अकराला आत आणि बाराला बाहेर. झोपेतून उठल्यावर नेऊ म्हटलं, तर चारची गर्दी गळ्यात पडते.

कपडे आणि मोजे

पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि लेगिंग किंवा ट्रॅक पँट. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर उघडं कोपर किंवा गुडघा घासला की सालटं निघतं. टोपीच्या नाड्या, गळ्यातला स्कार्फ, ओढणीचा फ्रॉक घरीच ठेवा, कारण नाडी जाळीत अडकते आणि मूल तसंच पुढे घसरत राहतं. आपल्याकडे याखेरीज गळ्यातला काळा दोरा, ताईत, वाळे, कडं आणि सोन्याची चेन असते. आजी नाराज झाली तरी तासाभरासाठी काढून ठेवा. आत जाणाऱ्या मोठ्यांनीही ओढणी आणि लांब मंगळसूत्र बाहेरच्या माणसाकडे द्यावं.

बहुतेक ठिकाणी तळव्याला रबरी ठिपके असलेले ग्रिप सॉक्स लागतात आणि काउंटरवर ते महाग पडतात. एकदा घेतलेले धुऊन जपून ठेवा, पण निघण्याआधी नव्याने घालून बघा. मुलांचे पाय आपल्या अंदाजापेक्षा भराभर वाढतात आणि धुऊन सैल पडलेला मोजा साध्या मोज्यापेक्षाही जास्त घसरतो.

पोटाचं म्हणाल, तर तासभर आधी इडली किंवा वाटीभर उपमा पुरे. भरल्या पोटी उड्या मारल्या की काय होतं ते सांगत नाही, गाडीची सीट कव्हरं धुवावी लागली एवढंच सांगते.

दारात: पाच मिनिटं थांबा

मुलं हात ओढत असतात, तरी थांबा. आधी तिघांचा एकत्र फोटो काढा. मूल दिसेनासं झालं तर आज त्याने कोणत्या रंगाचा शर्ट घातलाय हे घाबरलेल्या आईला आठवत नाही. फोटो दाखवला की तिथला दादा लगेच शोधायला लागतो. कागदी पट्टा मनगटाला बांधतात, त्यावर बॉलपेनने तुमचा मोबाइल नंबर लिहा.

मग बाहेरूनच नजर फिरवा. घसरगुंड्यांची तोंडं कुठे निघतात? बाहेर पडायचं दार एकच आहे की दोन? आत जाण्याच्या वाटा बऱ्याच असतात, पण मूल शेवटी खाली येतं ते दोन-तीन जागांवरून. त्या जागा आणि दार जिथून एका नजरेत दिसतील तिथे बसा, मग तिथली खुर्ची मोडकी का असेना. कॅफेच्या गुबगुबीत सोफ्यावरून सहसा फक्त मागची जाळी दिसते.

सही करायला देतात तो कागदही वाचा. दुखापत झाली तर जबाबदारी आमची नाही, असं त्यात बहुतेक लिहिलेलंच असतं. त्यावर सही करून आत गेलेला माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

कोण कुणाबरोबर

दोन मोठी माणसं असतील तर एक धाकट्याला चिकटून, दुसरं मधलीच्या मागे. थोरला नजरेच्या टप्प्यात, पण मोकळा. दर पंधरा मिनिटांनी त्याने येऊन टाळी देऊन जायचं. हातात घड्याळ असेल तर त्याला यात मोठेपणा वाटतो.

‘दादा आहे ना, तो बघेल’ हे मात्र करू नका. नऊ वर्षांचं मूल बोगद्यात शिरलं की बोगद्याचं असतं. धाकटं हरवलं किंवा पडलं तर तो दोष ते मूल मनावर घेतं, आणि त्याच्या तिकिटाचा खेळही बुडतो.

एकट्याने तिघांना नेणार असाल तर जमतं, पण लहानग्यांच्या भागाचं दार आणि मोठ्या घसरगुंडीचं तोंड एकाच जागेवरून दिसत असेल तरच. तसं नसेल तर शेजारच्या ताईला, मावशीला, कुणालाही बरोबर घ्या. पुढच्या वेळी त्यांच्या मुलांमागे तुम्ही धावा.

आत: आधी धाकट्याचा डाव

पहिली पंधरा मिनिटं तिघांनी लहानग्यांच्या भागातच काढायची. थोरला कुरकुरतो, पण तेव्हा गर्दी कमी असते, धाकटा ताजा असतो आणि दादा-ताई करतात ते बघून तोही हात सोडून चालायला लागतो. त्याला मऊ पायऱ्या चढायच्या असतात, उतरायच्या असतात आणि पुन्हा चढायच्या असतात. त्याला यापेक्षा जास्त काही नको असतं.

मग मोठ्यांना सोडा. इथे तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

पहिलं, बॉल पूल. दीड वर्षाचं मूल त्यात आडवं झालं की वरून दिसतच नाही, फक्त बॉल जरासे हलतात. आमचा थोरला एकदा काठावरून उडी मारायच्या बेतात होता आणि मला लाल बॉलांच्या मधून एक निळा मोजा दिसला. मी ओरडले, तो थांबला, खालून भाचा हसत वर आला. तेव्हापासून बॉल पूलमध्ये उडी नाही. बसून, पाय आधी टाकून उतरायचं. धाकटा आत असेल तर त्याच्याबरोबर मोठं माणूस गुडघ्यावर बसलेलंच हवं. तळाशी काय असेल याचा नेम नसतो. हेअरक्लिप, नाणी आणि एकदा तर मधलीने अर्धा चावलेला राजगिऱ्याचा लाडू वर काढला होता आणि तो खाण्याच्या तयारीत होती.

दुसरं, ट्रॅम्पोलिन. भावाबहिणीला हात धरून उड्या मारताना बघायला फार गोड वाटतं. पण मोठा खाली आदळतो तेव्हा कापड खोल दबतं आणि नेमकं वर उसळत असताना लहानगी खाली येत असते. तो सगळा धक्का तिच्या पायांना बसतो किंवा ती भलतीकडे फेकली जाते. वजनाने हलकं मूलच यात जास्त दुखावतं. म्हणून एका चौकोनात एकच मूल. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना तर सहा वर्षांखालच्या मुलांना ट्रॅम्पोलिनवर सोडूच नका म्हणते. साडेचारची माझी लेक यावर रडते. रडू दे म्हणते मी, तिच्यासाठी बोगदे आहेत.

तिसरं, मांडीवर घेऊन घसरणं. हे आपण मायेने करतो आणि त्यातच हाड मोडतं. बाळाचा तळवा घसरगुंडीच्या कडेला किंवा पृष्ठभागाला चिकटून थांबतो, आपलं वजन मात्र खाली जातच राहतं आणि मध्ये सापडलेली नडगी पिळली जाते. ग्रिप सॉक्स तर चिकटण्यासाठीच बनवलेले असतात. बाळाला लहान घसरगुंडीवर एकटं बसवा आणि शेजारी उभं राहून त्याच्या काखेखाली हात घालून धरा. मोठी घसरगुंडी त्याला दोन वर्षांनी मिळेलच.

मध्ये पाणी, आणि हात

अर्ध्या तासाने सगळ्यांना बाहेर काढून पाणी पाजा. खेळाच्या तंद्रीत मुलं तहान आणि शू दोन्ही विसरतात. खाऊ द्यायचा तर बसवून द्या. दारातच मिळणारं पॉपकॉर्न, शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, धावताना तर मुळीच नको. द्राक्ष उभं चिरून दिलं की चालतं.

खाण्याआधी हात साबणानेच धुवा. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर, विशेषतः नोरोव्हायरसवर, सॅनिटायझर नीट चालत नाही. पावसाळ्यात हँड-फूट-माउथची साथ असते. तोंडात फोड, तळहात-तळव्यांवर पुरळ आणि ताप ही त्याची लक्षणं. आपल्या मुलाला यातलं काही असेल, ताप असेल, पोट बिघडलं असेल, तर तिकिटाचे पैसे गेले तरी घरी थांबा. दुसऱ्याच्या घरीही बाळ असतं.

लागलं तर

डोक्याला टेंगूळ आलं तर खेळ थांबवून गार पट्टी ठेवा आणि लक्ष ठेवा. उलट्या, न उठणारी गुंगी, नेहमीसारखं न बोलणं, शुद्ध हरपणं यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटल. घसरगुंडीवरून आल्यावर लहान मूल पाय टेकवायलाच तयार नसेल, तर सूज नसली तरी एक्स-रे काढून घ्या. घासून भाजल्यासारखं झालं असेल तर नळाचं वाहतं पाणी वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट काही नाही.

बाहेर पडणं

‘पाच मिनिटांत निघायचंय’ याला साडेचार वर्षांच्या मुलीच्या लेखी काही अर्थ नाही. मिनिटं सांगू नका, फेऱ्या सांगा: ‘अजून तीन घसरगुंड्या, मग बूट.’ तिसरीनंतर चौथी द्यायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी तीनचे सहा होतात.

आधी धाकट्याला बाहेर काढून बूट घाला, मग मधलीला. थोरल्याला शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. तेवढा वेळ एक मोठं माणूस फक्त त्याच्याबरोबर आणि तो म्हणेल तो खेळ. तासभर लहानांसाठी थांबून राहिलेल्या मुलाचा एवढा हक्क आहे. बाहेरच्या वाटेवर टोकनची यंत्रं मुद्दाम मांडून ठेवलेली असतात. टोकन घ्यायचं की नाही, किती घ्यायचं, हे घरून निघतानाच सांगून ठेवा. तिथे उभं राहून वाटाघाटी केल्या तर आपणच हरतो.

धाकटा गाडीत झोपणार. घर दहा मिनिटांवर असेल तर त्या डुलकीने दुपारची झोप मोडते, म्हणून मी त्याच्या हातात कुरकुरीत खाकरा देऊन मागे बसते आणि गाणी म्हणते. तो जागा राहतो, सीटवर चुरा होतो.

निघण्याआधी मोजे मोजा. तीन मुलांचे सहा व्हायला हवेत. आमचे पाच भरतात.