गावात पीएम किसानचे पैसे कुणाकुणाला येतात ते कसं बघायचं

हे मोबाईलवर पाच मिनिटांत होतं, कुणाला पैसे द्यायची गरज नाही. पीएम किसानच्या पोर्टलवर जा, खाली फार्मर्स कॉर्नर दिसेल, त्यात बेनिफिशरी लिस्ट दाबा, मग राज्य, जिल्हा, तालुका, ब्लॉक, गाव निवडून गेट रिपोर्ट केलं की अख्ख्या गावाची नावं समोर येतात.

आपलं नाव नसेल किंवा हप्ता अडकला असेल तर त्याच फार्मर्स कॉर्नरमधलं 'नो युवर स्टेटस' (Know Your Status, म्हणजे आपल्या अर्जाची स्थिती) उघडा. माझ्या आईचा हप्ता थांबला तेव्हा सगळे म्हणत होते केवायसी कर केवायसी कर, पण ती तर झालेली होती, स्टेटसमध्ये बघितलं तर लँड सीडिंगपुढे, म्हणजे जमिनीची नोंद योजनेला जोडली आहे का त्यापुढे, 'नो' (No) लिहिलेलं. म्हणून तीन गोष्टी बघाच, लँड सीडिंग, ई-केवायसी आणि बँक खात्याला आधार जोडलेलं. सीडिंग अडलं असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा.

वर्षाला २००० चे तीन हप्ते, म्हणजे ६००० रुपये, आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे अजून ६०००. नवरा-बायको दोघांना मिळत नाही, इन्कम टॅक्स भरणाऱ्यालाही नाही.

पण माझ्या मनाला खरंच लागतं ते हे की जमीन नावावर नसेल तर काहीच नाही, मग बटाईनं करणारा असो की आयुष्यभर त्याच शेतात खुरपणारी बाई. यादी वाचताना तेवढं बघा, बायकांची नावं किती आहेत ते मोजा आणि ग्रामसभेत विचारा.