वर्षाचे २४०० किलोमीटर आणि वाकवलेली रेघ

वर्षाला २४०० किलोमीटर सायकल चालवायची, हे मी ठरवलं आणि पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोडून दिलं. त्याला कारण माझा चार्ट होता. २४०० ला ५२ ने भागलं, आठवड्याला ४६ आले, आणि जानेवारी ते डिसेंबर एक सरळ रेघ ओढली. पावसाळ्यात नाशिकमध्ये नुसती रिपरिप असते तेव्हा त्र्यंबककडे पाऊस झोडपत असतो, रस्त्यावरचे खड्डे पाण्याखाली जातात. तिकडे मी सायकल घालत नाही. दर रविवारी चार्ट मला नापास करायचा, आणि मला ते खरं वाटायचं.

आता शीट अशी करते. गूगल शीट्स घ्या नाहीतर एक्सेल, कृती तीच. चार कॉलम: आठवडा, या आठवड्याचे किलोमीटर, ठरवलेले एकूण, झालेले एकूण. खाली ५२ ओळी.

'झालेले एकूण' म्हणजे स्टोअर्सच्या रजिस्टरसारखं. मी अंबडला एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते, तिथे मागची शिल्लक अधिक आजची आवक असं रोजच चालतं. पहिल्या ओळीत पहिल्या आठवड्याचाच आकडा. दुसऱ्या ओळीत बरोबरचं चिन्ह टाका, वरच्या सेलवर क्लिक करा, अधिक टाका, त्याच ओळीतल्या किलोमीटरच्या सेलवर क्लिक करा, एंटर. मग सेलचा उजवा खालचा कोपरा धरून फॉर्म्युला खाली ओढा, पण चालू आठवड्यापर्यंतच. मी एकदा तो थेट शेवटच्या ओळीपर्यंत ओढला आणि मार्चमध्येच माझी रेघ डिसेंबरपर्यंत आडवी गेली. सायकल काढलीच नाही त्या आठवड्यात शून्य लिहा.

खरी मेहनत 'ठरवलेले एकूण'मध्ये आहे. तिथे भागाकार करू नका, आपलं वर्ष आठवा. माझे आठवडे २४ ते ३९ पावसाचे. त्या १६ आठवड्यांना मी २४ किलोमीटर धरते, म्हणजे घरून सोमेश्वरच्या दोन फेऱ्या. उरलेल्या ३६ आठवड्यांना ५६, म्हणजे एकदा त्र्यंबकेश्वरला जाऊन-येऊन. ३८४ आणि २०१६ मिळून बरोबर २४००. हे आकडेही तसेच वरच्यात मिळवत न्या. हा कॉलम मात्र ५२ ओळी पूर्ण भरा.

आता आठवडा आणि शेवटचे दोन कॉलम निवडा, 'इन्सर्ट'मध्ये जाऊन लाइन चार्ट घ्या. आठवड्याच्या किलोमीटरचा कॉलम चार्टमध्ये घेऊ नका. ती रेघ तळाशी वळवळत राहते आणि नजर तिकडेच जाते. ठरवलेली रेघ करडी ठेवा, आपली गडद.

गेल्या सप्टेंबरअखेर माझे १५१६ झाले होते. करडी रेघ १६७२ वर होती, म्हणजे १५६ कमी. सरळ रेघ असती तर २८४ कमी दिसले असते आणि मी पुन्हा सोडून दिलं असतं. १५६ भागिले उरलेले १३ आठवडे, बरोबर १२. दर आठवड्याला सोमेश्वरची एक फेरी जास्त! ती मी बुधवारी पहाटे घातली, थंडीतसुद्धा.

जानेवारीत हीच शीट कॉपी करा, पण पावसाळ्याचा आकडा गेल्या वर्षी खरंच किती झाले ते बघून बदला. माझा यंदा २४ वरून २० केलाय, आणि उरलेले ६४ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये टाकलेत.