माहेरचं आडनाव आधी: इंग्लंडहून अमेरिकेला गेलेल्या खापरपणजीचा माग कसा काढावा

अमेरिकेतल्या नातवंडांना शाळेत वंशवृक्ष करायला सांगतात. मराठी बाजूच्या चार पिढ्या आजी फोनवर सांगून मोकळी होते. पण सून किंवा जावई इंग्रज वंशाचे असतील, तर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या खापरपणजीपाशी गाडं अडतं. तिचं नाव ठाऊक असतं, आडनाव मात्र नवऱ्याचं. माहेरचं आडनाव कळल्याशिवाय इंग्लंडमधल्या नोंदींत तिला शोधायचं कसं? म्हणून सगळा जोर आधी तिथेच लावा.

शोध अमेरिकेतून सुरू करा आणि मृत्यूकडून जन्माकडे जा. मृत्यूचा दाखला, थडग्यावरचा मजकूर, गावच्या वर्तमानपत्रातली निधनवार्ता. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’ संग्रहात जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. निधनवार्तेत भावाचं नाव सापडलं, तर अर्धं काम झालं. मुलांची मधली नावंही बघा. आईचं माहेरचं आडनाव मधलं नाव म्हणून ठेवायची पद्धत होती.

मग जनगणना. अमेरिकेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव १८५० पासून लिहिलं जाऊ लागलं, कुटुंबप्रमुखाशी नातं १८८० पासून. त्या घरात ‘सासू’ नोंदलेली दिसली तर थांबा: प्रमुखाची सासू म्हणजे हिची आई, आणि तिचं आडनाव बहुधा तुम्हाला हवं तेच. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत आणि नंतर नष्ट झाले. १९०० ची नोंद सगळ्यांत बोलकी. तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष, देशात आल्याचं वर्ष, शिवाय बाईला विचारलेले दोन प्रश्न आहेत: मुलं किती झाली, हयात किती. शेजारशेजारच्या दोन रकान्यांत ९ आणि ४ असे आकडे दिसले की वाचणाऱ्याचा हात थबकतो. ती पाच मुलंही वंशवृक्षात घ्या.

आल्याचं वर्ष कळलं की जहाजांच्या प्रवासीयाद्या चाळा; १८२० पासूनच्या आहेत. न्यूयॉर्कला १८५५ ते १८९० माणसं कॅसल गार्डनला उतरत, एलिस आयलंड हे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी करणारं केंद्र १८९२ मध्ये सुरू झालं. ‘तिथल्या अधिकाऱ्याने आडनाव बदललं’ ही घरोघरची गोष्ट खरी धरू नका. अधिकारी जहाजाच्या यादीवरूनच नाव ताडत. नागरिकत्वाचे कागद मात्र नवऱ्याच्या नावाने शोधा, कारण १८५५ च्या कायद्यानंतर बायकोला ते बहुधा त्याच्यामुळेच मिळे.

आता इंग्लंड. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनावही मिळतं. विवाहाच्या दाखल्यावर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात. सही येत नसेल तर फुलीची खूण. साक्षीदारांची नावं उतरवून घ्या, ती बरेचदा भावंडंच निघतात.

१८३७ च्या आधी चर्चच्या नोंदवह्या. इथे बरेच जण चुकतात: फक्त चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या अधिकृत चर्चच्याच वह्या बघतात. एलिझाबेथ ब्लॅकवेलचं उदाहरण घ्या: अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवणारी पहिली स्त्री, १८४९ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशींच्या ३७ वर्षं आधी. जन्म १८२१ चा, ब्रिस्टलचा, म्हणजे सरकारी नोंद नाही. घराणं चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या पंथाचं. १८३२ मध्ये ते सगळे न्यूयॉर्कला गेले. अशा घरांसाठी चॅपलच्या, म्हणजे त्या वेगळ्या पंथांच्या प्रार्थनागृहांच्या, वह्या बघाव्या लागतात. त्यांतल्या पुष्कळ आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत.

शेवटी इंग्लंडची जनगणना. १८४१ मध्ये मोठ्यांची वयं सहसा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली, तेव्हा वय जुळलं नाही म्हणून नोंद टाकून देऊ नका. १८५१ मध्ये जन्मगाव मिळेल, गल्लीचं नावही. ती गल्ली नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरच्या जुन्या नकाशांत शोधा. तिथे इंग्लंडचेही नकाशे फुकट आहेत आणि आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात.