बोअरच्या पाण्यावरचा गिझर बदलताना: आधी जुना उघडा, मग नवा आणा

नवा गिझर आणायला दुकानात जाण्याआधी जुन्याचं खालचं झाकण काढून आत काय झालंय ते बघा. जड पाण्यात गिझर ठरावीक तीन-चार कारणांनीच जातो. तो कशाने गेला हे कळलं की पुढचा कुठला घ्यायचा हे कळतं, आणि कधीकधी घ्यायची गरजच नाही हेही कळतं. सोलापूर-लातूरकडची बोअरवरची घरं असोत की पुण्याच्या कडेच्या टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या, दुखणं एकच. बाहेरून डबा चकचकीत आणि आत चुनखडी.

जुना काय सांगतो

स्विच लावताच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर एलिमेंटचं, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलचं, कवच फुटून करंट पाण्यात उतरतोय. टाकी बाहेरून कोरडी आणि शाबूत असेल तर फक्त एलिमेंट आणि गॅस्केट बदलून काम भागतं. पाणी तापताना कटकट, खडखड आवाज येत असेल तर एलिमेंटवर क्षाराचा थर चढलाय आणि त्याखाली पाण्याची वाफ होऊन फुटतेय. हा गिझर अजून जिवंत आहे, साफ करा. गार नळाला धार चांगली आणि गरमला करंगळीएवढी असेल तर दोष बहुतेक वेळा टाकीत नसतो. इनलेटचा, म्हणजे गार पाणी आत येतं त्या तोंडाचा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, कनेक्शन पाइप किंवा मिक्सरचं कार्ट्रिज यांपैकी काहीतरी क्षाराने बुजलेलं असतं.

पाणी खालून थेंबथेंब गळत असेल तर मात्र नीट बघा. एलिमेंट ज्या गोल प्लेटवर बसतं तिच्या कडेने गळत असेल तर गॅस्केट गेलंय. प्लेट कोरडी, पण बाहेरचा पत्रा आणि आतली टाकी यांच्या मधून तांबूस पाणी येत असेल तर टाकी सडली. तिला वेल्डिंग किंवा एम-सील लावत बसू नका, टिकत नाही. नवा गिझर घ्यायचा तो या अवस्थेत.

वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा.

आत नेमकं काय होतं

बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचा बायकार्बोनेट विरघळलेला असतो. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, खाली बसतो. तो सगळ्यात आधी सगळ्यात गरम जागी बसतो, म्हणजे एलिमेंटवर. ६० अंशांच्या पुढे हा वेग चांगलाच वाढतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. समजा तुमचं पाणी ४०० चं आहे आणि घरात रोज १०० लिटर पाणी गिझरमधून जातं. म्हणजे रोज ४० ग्रॅम क्षार आत जातो. त्यातला दहावा हिस्सा जरी टाकीत राहिला तरी वर्षाला जवळजवळ दीड किलो.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो मीठ, चुना, सगळं मिळून एकच आकडा दाखवतो, कठीणपणा वेगळा सांगत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि कठीणपणाबरोबर क्लोराइडही तपासून मागा. ते का, ते पुढे येईलच.

क्षार साचला की बिल दुप्पट होतं असं सर्रास सांगतात. पाण्यात बुडालेल्या एलिमेंटची उष्णता जाणार कुठे? शेवटी ती पाण्यातच जाते. खरं नुकसान वेगळं आहे. थराखाली एलिमेंट स्वतः प्रमाणाबाहेर तापून फुटतं. थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षार बसल्याने तो भलत्याच वेळी बंद-चालू होतो. आणि तळाशी साचलेल्या खड्यांनी २५ लिटरच्या टाकीत पाणी कमी मावायला लागतं.

कुठला घ्यायचा

आमचा स्पष्ट सल्ला: १५ ऐवजी २५ लिटरचा घ्या आणि कमी तापमानावर चालवा. गार पाणी २२ अंशांचं आणि अंघोळीला ४० अंशांचं लागतं असं धरा. १५ लिटर पाणी ७० पर्यंत तापवलं तर त्यातून अंघोळीजोगं ४० लिटर पाणी होतं. २५ लिटर फक्त ५० पर्यंत तापवलं तर सुमारे ३९ लिटर. अंघोळ तेवढीच, क्षार कितीतरी कमी. त्यासाठी तापमानाचं बटण बाहेरून फिरवता येणारा गिझर हवा. मात्र ५० वर कायम ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा ६० च्या वर नेऊन तासभर राहू द्या. कोमट, साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात.

टाकीचं म्हणाल तर काचेच्या लेपाची, म्हणजे ग्लासलाइन्ड टाकी आणि सोबत मॅग्नेशियमची ॲनोड कांडी, ही जोडी बोअरच्या पाण्याला चांगली. लेपाला कुठे बारीक चीर पडली तर लोखंडाऐवजी कांडी झिजते. क्षाराच्या पाण्यात ती झिजतेही लवकर, हे धरूनच चाला. स्टेनलेस स्टीलची टाकी कधीच गंजत नाही असं विक्रेता सांगेल, पण पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर वेल्डिंगच्या जोडाशी तिला टाचणीएवढी छिद्रं पडतात. म्हणून तो क्लोराइडचा आकडा. एलिमेंट इन्कोलॉयचं (निकेलच्या मिश्रधातूचं) किंवा काचेचा लेप असलेलं मागा. साध्या तांब्याच्या कवचाचं इथे फार टिकत नाही.

बारा मजली इमारत किंवा प्रेशर पंप असेल तर ८ बारचा गिझर घ्या. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब धरायचा. ३ लिटरच्या इन्स्टंट गिझरच्या नादी जड पाण्यात लागू नका. त्याची कॉइल दाटीवाटीने बसवलेली असते, ती आधी जाते.

सामान

दोन जाळीचे अर्ध्या इंची कनेक्शन पाइप (जुने परत लावू नका, आतून अर्धे बुजलेले असतात), नवा सेफ्टी व्हॉल्व्ह, दोन अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद-चालू करायचे), टेफलॉन टेपची दोन रिळं, १० मिलिमीटरचे फास्टनर, दोन पाने (स्पॅनर), बादली, टेस्टर, मल्टिमीटर.

जुना उतरवताना

एमसीबी (बोर्डावरचा, जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडा, नुसता स्विच नको. टेस्टरने खात्री करा आणि पिन काढा. गिझरमधलं गरम पाणी वापरून संपवा किंवा थंड होऊ द्या.

इनलेटचा अँगल कॉक बंद करून गरम नळ उघडा. मिनिटभरात धार थांबली नाही तर कॉकच्या बैठकीवर क्षार बसलाय, तो पूर्ण बंद होत नाही. गच्चीवरून येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्हच बंद करा. कॉक फिरतच नसेल तर त्याला मोठा पाना लावून जोर करू नका. भिंतीतला सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप पिळवटून तडकतो आणि मग टाइल फोडावी लागते. आधी व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा, मग एका पान्याने मागची बाजू धरून दुसऱ्याने हळूहळू सोडवा.

आउटलेटचा पाइप आधी सोडा, इनलेटचा नंतर. टाकीत आउटलेटची नळी वरपर्यंत गेलेली असते, तिथून हवा आत शिरली तरच खालून पाणी उतरतं. इनलेटचा सेफ्टी व्हॉल्व्हही काढावा लागेल, कारण त्यातला नॉन-रिटर्न पाणी उलटं येऊ देत नाही. बादलीत आधी स्वच्छ पाणी पडेल, मग गढूळ आणि शेवटी फुटाण्याच्या टरफलासारख्या पांढऱ्या खपल्या. पाणी मध्येच थांबलं तर इनलेटच्या तोंडाशी खपली अडकलीय, स्क्रू-ड्रायव्हरने मोकळी करा. रिकामा वाटला तरी जुना गिझर क्षाराने जड झालेला असतो, उतरवायला दोन माणसं हवीतच.

नवा टांगताना

२५ लिटरचा गिझर पाण्यासकट ३५ किलोच्या पुढे जातो. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत फास्टनर चालतो. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ठोकळ्यांत तो काही दिवसांत सैल होतो. तिथे त्याच ठोकळ्यांसाठीचे लांब प्लग, केमिकल अँकर किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट वापरा. ड्रिलमधून पांढरी, पिठासारखी भुकटी पडली तर सिपोरेक्स समजायचं.

खाली किमान फूट-दीड फूट मोकळी जागा ठेवा. एलिमेंट आणि ॲनोड खालूनच निघतात. जागा नसेल तर दर वेळी साफसफाईला अख्खा गिझर उतरवावा लागेल, म्हणजे कोणी करणारच नाही. पीव्हीसीच्या फॉल्स सीलिंगवर गिझर लपवायची फॅशन आहे, ती टाळा. गळती दिसते तेव्हा सीलिंग खाली आलेलं असतं.

सेफ्टी व्हॉल्व्ह थेट गिझरच्या निळ्या, म्हणजे इनलेटच्या तोंडावर, बाण टाकीकडे ठेवून. त्याच्या आणि टाकीच्या मध्ये कॉक नको. आट्यांवर टेफलॉनचे १२ ते १५ वेढे, आटे फिरतात त्याच दिशेने. कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वायसर असतो, तिथे टेफलॉन लागत नाही. हाताने घट्ट करून वर पान्याने पाव फेरा पुरे. जास्त आवळलं तर वायसर कापला जातो आणि लोक आणखी आवळत बसतात.

व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाला नळी लावून ती उतरत्या दिशेने न्हाणीतल्या जाळीपर्यंत सोडा, टोक उघडं ठेवा. २५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर गेलं की ते पेलाभर फुगतं, तेवढं पाणी इथून ठिबकणं हे व्हॉल्व्ह चालू असल्याचं लक्षण आहे. ‘गळतंय’ म्हणून ते तोंड बूच मारून बंद केलं तर तो दाब टाकीवर जातो. आउटलेटला कॉक असेल तर तो कायम पूर्ण उघडा.

वीज

२ किलोवॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. त्याला स्वतंत्र एमसीबीवरची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट हवं. सॉकेटची भोकं काळवंडली असतील तर तेही बदला. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थिंग मोजा: दोन्ही आकडे जवळपास सारखे, २३० च्या आसपास हवेत. फेज-अर्थिंगला आकडाच नसेल किंवा बराच कमी असेल तर अर्थिंग नाही आणि गिझर चालू करायचा नाही. जड पाण्यात एलिमेंट कधी ना कधी फुटणारच. त्या दिवशी अंघोळीला उभ्या असलेल्या माणसाला वाचवणार ते अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ती नसेल तर वायरमनकडून आधी ती बसवून घ्या. असेल तर तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

वीज लावण्याआधी गरम नळ उघडा ठेवून टाकी भरा. नळ आधी फुरफुरेल, मग सलग धार लागेल. त्यानंतरही दोन मिनिटं वाहू द्या. कोरड्या टाकीत एलिमेंट काही मिनिटांत जळतं आणि तो दोष वॉरंटीत धरत नाहीत. पहिल्यांदा ५५ अंशांपर्यंत तापायला साधारण २६ मिनिटं लागतील. ही वेळ लिहून ठेवा.

पहिल्या वर्षात

बसवल्याची तारीख मार्करने गिझरच्या पोटावर लिहा. पाण्याचा कठीणपणा ४०० च्या आत असेल तर वर्षाने, ६०० च्या वर असेल तर सहा महिन्यांनी उघडायचा; वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या माणसाकडून. एलिमेंटवरची खपली हातोडीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, कवच तडकतं. ५ लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूफूल) घालून एलिमेंट दोन-तीन तास बुडवून ठेवा, वायरीची टोकं पाण्याच्या वर राहतील असं. आधी ॲनोड काढून घ्या, नाहीतर ॲसिड तीच खाईल. टाइल धुवायचं ॲसिड वापरू नका, ते क्षारासोबत धातूही खातं. गॅस्केट दर वेळी नवं घाला आणि बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

कांडी बोटाएवढी जाड असते. निम्मी उरली किंवा आतली सळई दिसायला लागली की बदला. फक्त गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर बोअरच्या पाण्यातले जिवाणू आणि मॅग्नेशियम यांची ती करामत आहे. तिथे ॲल्युमिनियम-झिंकची कांडी घाला.

इनलेटवर लावायचे पॉलिफॉस्फेटचे छोटे फिल्टर क्षार काढत नाहीत, चिकटण्यापासून अडवतात, आणि पाणी ६० च्या पुढे तापवलं की तेही निष्प्रभ होत जातात. खरा उपाय मिठावर चालणारा रेझिनचा सॉफ्टनर. चुंबकाच्या पट्ट्यांवर पैसे घालण्यापेक्षा त्या पैशात वर्षाची एक कांडी आणि गॅस्केट येईल.