सेवेला निघताना सुईदोरा घ्या

नाताळानंतर मंडळीतून, म्हणजे आपल्या चर्चमधून, वसतिगृहात आणि दवाखान्यात सेवेला जायचं ठरलं की पहिला फोन वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंना करा. तोही दोन महिने आधी. "आम्ही काय कार्यक्रम बसवू?" असं विचारू नका, "सध्या तुमचं काय अडलंय?" असं विचारा. गेल्या वर्षी मला उत्तर मिळालं, "सिस्टर, गणवेशांची बटणं." आमच्या तरुण संघानं महिनाभर नाटिका बसवली होती, त्यामुळे पोरांची तोंडं उतरली. नाटिका झाली, वीस मिनिटांत संपली. बटणांना दीड दिवस लागला.

मी मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते. निवृत्त झाले तरी मंडळीत सगळे मला सिस्टरच म्हणतात. दरवर्षी नाताळ झाला की सात-आठ जणांना घेऊन चार दिवस बाहेर पडते. दोन दिवस मुलींचं वसतिगृह, दोन दिवस दवाखाना. आठाच्या वर माणसं नेत नाही. जास्त नेली तर त्यांच्याच जेवणाखाण्यात तिथल्या स्वयंपाकघराचा दिवस जातो.

सुट्टीत वसतिगृह रिकामं असेल असं वाटतं, पण तसं नसतं. आमच्या नगर-बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुली असतात ना, त्यांचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले असतात. गावातल्या घराला कुलूप. न्यायला कोण येणार? म्हणून नाताळाच्या करंज्या-चकल्यांचा डबा न्याच, पण तो अधीक्षिकाबाईंच्या हातात द्या. आपणच वाटत सुटलं की धिटुकल्यांना चार मिळतात आणि भिंतीला टेकून उभी असलेली तशीच राहते.

बटणं आपण लावून द्यायची नाहीत, लावायला शिकवायची. एक सुई, पांढरा आणि निळा दोरा, चार भोकांची बटणं. दोरा दुहेरी घ्या, प्रत्येक जोड भोकांतून तीनदा फिरवा, बटणाखाली दोऱ्याचे दोन वेढे देऊन मान करा आणि मग गाठ मारा. मान केली नाही तर काजात बटण ओढलं जातं आणि आठवड्यात तुटतं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या, तेव्हा त्यांना नुसतं जेवू घातलं नाही, हातात काम दिलं. तिथल्या मुली छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होत्या. आमच्या वसतिगृहातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीनं माझ्यासमोर पहिलं बटण लावलं, ते उलटं बसलं. तिनं दातानं दोरा तोडला आणि पुन्हा लावलं. मी मध्ये बोलले नाही. फार जड गेलं.

फोटो काढायचे नाहीत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो किंवा नाव छापणं २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला तर मुळीच ठेवू नका. आणि कुठल्याही मुलीबरोबर बंद खोलीत एकट्यानं बसायचं नाही, मी सुद्धा नाही.

आता दवाखाना. पाळकसाहेबांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं पत्र आणि आधार कार्डाची झेरॉक्स लागते. कावीळ 'ब'ची लस घ्यायची तर तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणजे जूनमध्येच सुरुवात करा. सर्दी-खोकला असलेल्यानं घरी राहावं, मग तो कितीही छान गाणारा असो. रक्तदान करणार असाल तर वय अठराच्या पुढे आणि वजन ४५ किलो तरी हवं.

वॉर्डात पाय टाकण्याआधी आणि बाहेर आल्यावर साबणानं हात धुवा. मनात चाळीस आकडे मोजा. पेशंटच्या खाटेवर बसू नका. आणि वॉर्डातल्या सिस्टरला विचारल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा कुणाला देऊ नका. हे मी जीव तोडून सांगते, कारण एका वर्षी आमच्यातल्याच एका मुलानं हर्नियाच्या ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या आजोबांना प्रेमानं चहा-बिस्किट दिलं. पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. ऑपरेशन पुढं ढकललं. आजोबांचा मुलगा रोजंदारी बुडवून आला होता, तो काही बोलला नाही, नुसता बाकावर बसून राहिला. चूक माझी होती. मी आदल्या रात्री पोरांना सांगायला हवं होतं.

मग करायचं काय? पेशंटच्या सोबत आलेल्या माणसाकडे बघा. बाळंतिणीची आई, आजीची सून, तीन रात्री खाटेखाली चटई टाकून झोपलेली. तिला म्हणा, "वहिनी, मी बसते दोन तास, तुम्ही आंघोळ करून, डबा खाऊन या." या एका वाक्याइतका उपयोग गाण्यांचा होत नाही. केसपेपर कुठल्या खिडकीवर, औषधं कुठं, रक्ताचा रिपोर्ट किती वाजता, हे वॉर्डात काम करणाऱ्या मामांना नाहीतर मावशींना विचारून ठेवा आणि खेड्यातून आलेल्यांबरोबर चालत जा. अर्धे लोक पाटी वाचता येत नाही म्हणून रांग चुकतात.

प्रार्थना विचारून करा. "नको" म्हणाले तर "बरं" म्हणून तांब्या भरून ठेवा. "करा की" म्हणाले तर दोन मिनिटांत संपवा. पाळकसाहेबांना हे सांगायला मला अजूनही अवघड जातं.

निघताना मुली विचारतात, "परत कधी येणार?" तारीख पक्की असली तरच सांगा. नसेल तर पोस्टकार्ड टाकेन म्हणा आणि खरंच टाका. पुढच्या खेपेची यादी तिथंच लिहून घ्या. माझ्या वहीत यंदाची आहे: सहा इंची चेन बारा, इलास्टिकचं रीळ, उवांचे कंगवे, आणि एक मोठी कात्री, जी तिथंच राहील.