मोतीबिंदू निघाला, आता पडद्याकडे लक्ष ठेवा

माझा नंबर मायनस ११. चोपन्नाव्या वर्षी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून भिंग बसवलं, आणि भिंतीवरचं घड्याळ मला चष्म्याशिवाय दिसलं. त्या आनंदात एक गोष्ट विसरले: नंबर गेला तरी डोळा लांबटच राहतो आणि आतला पडदा (रेटिना) ताणलेला, पातळच असतो. मूळचं भिंग चारएक मिलिमीटर जाड, नवं जेमतेम एक. मोकळ्या झालेल्या जागेत मागची जेली पुढे सरकते आणि पडद्यापासून सुटताना कधीकधी त्याला फाडते. बहुतेकांना असं होत नाही. पण मोठा मायनस नंबर, कमी वय, दुसऱ्या डोळ्याचा पडदा आधी सरकलेला, किंवा ऑपरेशनमध्ये भिंगामागची पिशवी फाटलेली, यातलं काही असेल तर जपा. पिशवीचं डिस्चार्ज कार्डावर नसेल तर डॉक्टरांना विचारा.

मी रोज चहा ठेवला की कॅलेंडरसमोर उभी राहते. एक डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही. मधल्या तारखेवर नजर ठेवून पानाचे चारही कोपरे दिसतात का पाहायचं. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवले तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो, कळतच नाही.

सातव्या महिन्यात मला अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं झालं. मग काजळी उडावी तसे ठिपके. दुखलं अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी नाकाकडचा खालचा कोपरा झाकला गेला. दवाखान्यात फोन करून मी फक्त "डोळ्यासमोर काहीतरी येतंय" म्हणाले. उत्तर आलं, थेंब टाका, सोमवारी या.

तुम्ही असं सांगा: "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. एकाएकी चमका आणि ठिपके सुरू झालेत, कडेला सावली आहे. मला आजच रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवायचंय." नुसतं भोक असेल तर बहुतेक वेळा लेसरवर भागतं. पडदा सुटला तरी सावली मधोमध येण्याआधी ऑपरेशन झालं, तर नजर वाचण्याची आशा खूप जास्त असते. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, म्हणून गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या.

माझा पडदा सुटला होता. ऑपरेशनमध्ये तो जागेवर दाबून ठेवायला डोळ्यात गॅस भरला. तो विरेपर्यंत विमान नाही, घाट नाही. उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. भाचीचं लग्न महाबळेश्वरला होतं. मी खाली वाईतच बहिणीच्या घरी थांबले.

आता डावा डोळा करायचाय. त्याचा पडदा कडेपर्यंत तपासून घेतलाय, मगच तारीख घेतली.