एका पातेल्यातला पास्ता: कामाच्या दिवसासाठी तयारीची यादी

पास्ता बुधवारी रात्री करायचा असला तरी यादी रविवारी दुपारीच बघून घ्यावी. भुसावळ-जळगाव अपडाऊन करून साडेसातला घरात शिरलेल्या माणसाला लसूण सोलायला बसवलं की तो मुकाट्याने खिचडीच टाकणार. खिचडीशी आपलं वैर नाही. रात्रीची खिचडी, वरून शेंगदाण्याचं तेल आणि भाजलेला पापड यावर खान्देशातली कितीतरी घरं सुखाने झोपतात. पण आठवड्यातून एखाद्या दिवशी पोरं पास्ता मागतात, आणि तो घरी अर्ध्या-पाऊण तासात एकाच भांड्यात होतो. गॅस पेटवायच्या आधी सगळं ओट्यावर हवं, एवढीच अट.

सुरुवात पाकिटापासून. किराणा घेताना पाकीट उलटं करून घटक वाचा. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असं लिहिलेलं असेल तर घ्या, नुसता मैदा दिसला तर परत ठेवा. ड्युरम हा कडक दाण्याचा गहू. आपल्याकडचा बन्सी त्याच जातीतला, म्हणून त्याचा रवा पिवळसर आणि टणक निघतो. वेगळ्या पाण्यात उकडून निथळायचा असेल तर मैद्याचा पास्ताही कसाबसा निभावतो. इथे मात्र तो शेवटपर्यंत रसातच शिजणार, त्यामुळे मैद्याची लापशी होते. आकार पेने, फुसिली किंवा साधी मॅकरोनी. लांब स्पॅगेटी पातेल्यात मावत नाही, मोडावी लागते आणि तिचे गठ्ठे होतात. कामाच्या दिवशी तो खेळ नको. घरी आल्यावर पाकीट फोडून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कारण उन्हाळ्यात रव्याला लागतात तसे यालाही किडे लागतात. आणि पाकिटावर शिजायची मिनिटं छापलेली असतात तेवढी पट्टी कात्रीने कापून त्याच डब्यात टाका. पाकीट कचऱ्यात गेल्यावर ‘नऊ होती की बारा’ यावर वाद होतो, आणि पास्ता तोवर शिजतच असतो.

बाकी कोरडं सामान घरात असतंच. ऑलिव्ह तेल आणायला मुद्दाम बाजारात जाऊ नका, शेंगदाण्याचं तेल लसणाबरोबर छान लागतं. पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या मिरचीच्या पुड्या साठवण्यापेक्षा नंदुरबारकडची वाळकी लाल मिरची दोन-चार फिरक्यांत जाडसर भरडून बरणीत ठेवा. रंगही चांगला येतो. ओरेगॅनो संपला असेल तर चिमूटभर ओवा तळहातावर चोळून घाला. थायमॉल हा वास देणारा घटक दोन्हीत असतो, त्यामुळे वास तसा परका वाटत नाही. चिमूट म्हणजे खरंच चिमूट, जास्त झाला तर भज्यांची आठवण येते. मीठ, साखर, मिरपूड आहेच. चीजचे दोन क्यूब फ्रिजमध्ये हवेत, नसले तर वाटीभर साय चालते.

रविवारी करायचं काम मोठं नाही. लसणाचे दोन गड्डे सोलून कोरड्या डब्यात, फ्रिजमध्ये. सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची सवय काही घरांत असते, ती मोडा. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि तिथे बोटुलिझमचं विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. टोमॅटो स्वस्त असतील तेव्हा दीड-दोन किलो किसून, घट्ट होईपर्यंत आटवून, चारजणांच्या एका जेवणाला पुरेल इतका एकेका छोट्या डब्यात भरून फ्रीझरला लावा. करायच्या दिवशी सकाळी निघताना एक डबा खालच्या कप्प्यात उतरवायचा. हे नाही जमलं तर चार लालबुंद टोमॅटो रात्री किसणीवर किसले तरी चालतं. साल हातात राहतं, रस भांड्यात जातो. कांदा मात्र आदल्या दिवशी चिरून ठेवू नका, फ्रिज उघडला की दूधसुद्धा कांद्याचं वाटतं.

आता भांडं. जाड बुडाचं, पसरट, चार-पाच लिटरचं पातेलं किंवा स्टीलची कढई, आणि त्यावर बसेल असं झाकण. पातळ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात बुडाशी लागतो. लोखंडी कढई भाजीला कितीही चांगली असली तरी इथे नको. टोमॅटोच्या आंबटपणात लोखंड उतरतं, रस काळपट होतो आणि तोंडाला लोखंडाची चव येते. एकच भांडं वापरण्याचा मोठा फायदा खरं तर वेळेचा नाही, पाण्याचा आहे. नेहमीच्या रीतीत पास्ता भरपूर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओततात, मग चाळणी, मग रसाचं दुसरं भांडं. ज्यांच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाण्याचं माप ही या यादीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ. आपला हात भाजीचा: मसाला परतला, अंदाजाने पाणी ओतलं, कमी वाटलं तर अजून तांब्याभर. पास्त्याला हा हात चालत नाही. इथे काही निथळायचं नसतं, जितकं पाणी घालाल तितकं एकतर पास्त्याने प्यायला हवं नाहीतर आटायला हवं. रीत वरणफळांचीच आहे: फळं वरणात शिजतात, त्यांचं पीठ वरणाला दाटपणा देतं आणि वरणाची चव फळांत जाते. पास्त्यातून सुटणारा स्टार्च टोमॅटोच्या रसाला असाच बांधून घेतो, म्हणून कॉर्नफ्लोअर किंवा मैद्याच्या व्हाइट सॉसची गरज उरत नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या पाककृती-लेखिका मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकाने एका भांड्यातला पास्ता तिकडे घरोघरी पोचवला, त्यात 12 औंस, म्हणजे साधारण 340 ग्रॅम पास्त्याला साडेचार कप पाणी होतं, आणि भांडं उघडं. वजनाच्या जवळपास तिप्पट. आपण किसलेल्या टोमॅटोचा रस भरपूर घेतो आणि झाकणही ठेवतो, म्हणून 250 ग्रॅम पास्त्याला 200 मिलिलिटरच्या तीन वाट्या पाणी पुरतं. आटवलेला टोमॅटो वापरणार असाल तर चार. शिवाय एक वाटी कडकडीत गरम पाणी बाजूला ठेवायचं, शेवटी लागलंच तर चमच्या-चमच्याने घालायला. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि पास्ता बाहेरून चिकट, आतून कच्चा राहतो. ही वाटी दरवेळी तीच असू द्या, आणि 250 ग्रॅम पास्ता तिच्याने किती वाट्या भरतो ते एकदा मोजून डब्याच्या झाकणावर मार्करने लिहा. मग काटा काढायला नको. 250 ग्रॅम म्हणजे दोन मोठे आणि दोन शाळकरी पोरं, सोबत भाज्या धरून. घरात कॉलेजला जाणारा मुलगा असेल तर त्याचा वेगळा हिशोब करा.

मिठाचंही तेच. उकडून ओतायच्या पाण्यात लोक सढळ मीठ घालतात, कारण बरंचसं वाहून जातं. इथे सगळं ताटात येणार. सपाट एक छोटा चमचा सुरुवातीला, उरलेलं मीठ चीज घातल्यावर, चाखून.

घरात पाऊल टाकलं की आधी पाणी गरम करायला ठेवा, मग हातपाय धुवा. किटली असेल तर उत्तम, नसेल तर दुसरी शेगडी. पातेल्यात दोन चमचे तेल, ठेचलेला सात-आठ पाकळ्या लसूण मंद आचेवर. तो गुलाबी व्हायला लागला की लगेच कांदा, नाहीतर लसूण कडू होतो. मग गाजर, फरसबी असल्या कडक भाज्या, भरडलेली मिरची, टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर. टोमॅटोला बुडबुडे आले की गरम पाणी, आणि खळखळून उकळी फुटल्यावरच पास्ता. पहिली दोन मिनिटं तिथून हलू नका. तेव्हाच तो एकमेकांना आणि बुडाला चिकटतो, उलथन्याने तळ खरवडत राहायचं. नंतर आच मध्यम, झाकण तिरकं. पूर्ण झाकलं तर स्टार्चचा फेस उतू जाऊन शेगडी विझते. पाकिटावरच्या मिनिटांपेक्षा दोन-तीन जास्त लागतात, कारण आंबट आणि दाट रसात तो सावकाश मऊ होतो. निम्म्या वेळेला ढोबळी मिरची आणि मटार, शेवटच्या मिनिटाला पालक. एक तुकडा दाताखाली मोडून बघा: मधे पांढरा ठिपका दिसला तर अजून मिनिटभर. रस थोडा पातळ असतानाच गॅस बंद करायचा, ताटात येईपर्यंत तो आपोआप आळतो. दूध किंवा साय गॅस बंद केल्यावर घालावी, उकळत्या टोमॅटोत फाटते.

हिवाळ्यात या यादीत एक ओळ वाढते. जळगावच्या भरताच्या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचं कौतुक इथे कुणाला सांगायचं! पण भरीत करताना एक गोष्ट करा. वांगी भाजून सोलली, ठेचली, की मिरची-लसणाचं वाटण घालायच्या आधी वाटीभर गर बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत वापरा. पास्ता होत आला की तो टोमॅटोच्या रसात मिसळायचा, वरून कांद्याची पात. काड्यांच्या धगीत भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास त्या रसाला असा लागतो की चीज राहून गेलं तरी कुणी विचारत नाही. वांगं-टोमॅटो-पास्ता ही जोडी सिसिलीतही रुळलेली आहे, फक्त तिकडे वांगं तळतात. भाजलेलं मला जास्त आवडतं, आणि हा प्रांताभिमान आहे हे कबूल.

काळ्या मसाल्याचा डबा मात्र त्या रात्री फडताळातच राहू द्या. अर्धा चमचा टाकावा असं वाटतंच, पण मग टोमॅटो गडप होतो आणि शेवभाजीत पास्ता पडल्यासारखं लागतं. लसूण शेव वरून भुरभुरायला हरकत नाही, ताटात घेतल्यावर. घरातल्या आजी ‘हाई काय शे वं माय?’ म्हणत ताट पुढे ढकलणार हेही धरून चाला. दुसरी शेगडी किटलीमुळे मोकळी असेल तर तिच्यावर त्यांची भाकरी होते, आणि ठेचा असतोच. त्यांना पास्ता आवडायलाच हवा असा आग्रह कशाला?

कुकरवाल्यांसाठी दोन शब्द. कुकरमध्ये होतो, पण निम्म्याच्या वर भरायचा नाही, कारण फेस शिट्टीच्या नळीत जाऊन अडकू शकतो. मऊ-कडक बघायला मधे झाकणही काढता येत नाही. त्यापेक्षा कुकरचं भांडं नुसतं पातेल्यासारखं वापरा, बूड जाडच असतं.

सकाळच्या डब्यात द्यायचा असेल तर पास्ता पूर्ण शिजायच्या दोन मिनिटं आधीच तेवढा वाटा पळीभर जास्त रसासह काढा, उथळ डब्यात गार करा आणि लगेच फ्रिजमध्ये. रात्रभरात तो रस पितो आणि सकाळी दोन चमचे पाण्यात गरम केला की नीट सुटतो. एप्रिल-मेमध्ये, पारा 45 च्या आसपास असताना, उरलेला पास्ता तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. ‘आपल्याकडे वरण राहतं की’ हा युक्तिवाद त्या महिन्यांत वरणालाही लागू नाही. पातेलं गार पाण्यात भिजत घाला. गरम पाण्याने स्टार्च आणखी चिकटतो. आणि डब्यातला पास्ता निम्म्यावर आला असेल तर झोपण्यापूर्वी किराण्याच्या चिठ्ठीत तेवढं लिहून टाका.